पहिल्या धड्याच्या बाई

माझ्या धाकट्या बहिणीला जपानी येतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. नवीन गिऱ्हाईक आलं आणि त्याला हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मग जपानला जाऊन आल्या असतील?" मी पँटची शिवण उसवता उसवता म्हणते, नाही. "एकदाही नाही?" नाही. मग ते गिऱ्हाईक असं काही बघतं की जणू मीच तिचा पासपोर्ट गादीखाली दाबून ठेवलाय.

माझं दुकान कपडे दुरुस्तीचं आहे. उंची कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर घालणं. नवीन कपडा मी शिवत नाही, लोकांनी हौसेनं घेतलेलं आणि अंगाला न बसलेलं मी बसवून देते. दुकानाच्या वर लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर एकच खोली. त्या खोलीत धाकटीचा वर्ग भरायचा. फळ्यांच्या फटी इतक्या मोठ्या की वर खडू पडला तर त्याची भुकटी माझ्या मशिनवर. तेव्हा तिचा पहिला धडा मी किती वर्षं ऐकला असेल ते विचारू नका. मला जपानी येत नाही, शिकायची हौसही नाही, पण तो पहिला धडा मला झोपेतून उठवून विचारा.

"घाबरू नका," असं ती सुरू करायची. एकेक शब्द सुटा, तोंड मोठं उघडून, मधे थांबून. "जपानी भाषा आपल्याला सोपी आहे. क्रियापद शेवटी. आपल्यासारखंच. आपण म्हणतो, मी पाणी पितो. ते म्हणतात, वाताशी वा मिझु ओ नोमिमास. मी, पाणी, पितो. इंग्रजीवाल्यांना उलटं चालावं लागतं, आपण सरळ जायचं. प्रश्न विचारायचा असेल तर शेवटी काय लावायचं? का. हो, आपलाच का. देस का? आहे का?" इथं वर्ग हसायचा. दर वेळी, त्याच जागी. मग लिपी. एक हिरागाना, गोल गोल अक्षरांची. दुसरी काताकाना, बाहेरून आलेल्या शब्दांसाठी, काटकोनी. आणि तिसरी कांजी, चित्रांतून आलेली. फळ्यावर ती एक झाड काढायची, 'की'. दोन झाडं शेजारी काढली की राई, तीन काढली की जंगल. लोकांना हे फार आवडायचं. जंगलापर्यंत सगळे खूश असायचे.

आणि धडा संपताना एक गोष्ट सांगायची. ती मात्र माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. "तुम्ही जपानी माणसाशी एक वाक्य जरी बोललात, तरी तो म्हणेल, निहोन्गो, ओजोझु देस ने. तुम्ही जपानी किती छान बोलता. हुरळून जाऊ नका. ते पाहुण्याला पाणी देतात तसं हे कौतुक देतात. ज्याला खरंच येतं त्याला असं कोणी म्हणत नाही, त्याच्याशी नुसतं बोलतात. ते म्हणायचे थांबले, की समजा तुम्हाला भाषा आली."

विद्यार्थी तिला सेन्सेई म्हणायचे. म्हणजे गुरुजी, बाई, जे काय असेल ते. गल्लीतल्या पोरांनी त्याचं शेणसाई केलं. मी एकदोघांचे कान पिळले, पण खरं सांगते, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही हसू आलं होतं.

तिला हे वेड लागलं कुठून ते सांगते. लग्न वगैरे तिनं केलं नाही. स्वेटर विणायची मोठी यंत्रं बाहेरून आणणाऱ्या एका कचेरीत ती टायपिस्ट होती. यंत्रांबरोबर एक जपानी इंजिनिअर आला आणि बायकोला घेऊन आला. ती बाई दिवसभर घरात एकटी. भाजीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांशी तिचं घोडं अडायचं. साहेबानं धाकटीला सांगितलं, दुपारी जाऊन बाईला जरा मदत करत जा. ही गेली आणि तिथंच रमली. ती बाई हिला एकेक वस्तू बोट दाखवून शिकवायची, हळूहळू, एखाद्या लहान मुलाला शिकवावं तशी. दोन वर्षांत यंत्रं बसली, जोडपं परत गेलं, कचेरीनं गाशा गुंडाळला. हिच्याकडे उरल्या त्या बाईनं आपल्या आवाजात भरून दिलेल्या कॅसेटी आणि डोक्यात भरलेलं जपान. घरात सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. मी म्हटलं, वर खोली रिकामी आहे, शिकव.

येणारी माणसं तरी कशी? एक निवृत्त पोस्टमन यायचा, त्याला आयुष्यभर परदेशी तिकिटं बघून कुतूहल. एक दंतवैद्य बाई, नुसती डोक्याला विरंगुळा म्हणून. कार्टूनचं वेड असलेली पोरं. एक जण तर म्हणाला, घरात कोणाला कळणार नाही अशा भाषेत मला बायकोला शिव्या द्यायच्यात. धाकटीनं त्याला सांगितलं, चुकीच्या ठिकाणी आलात, या भाषेत शिव्या फार थोड्या. तो तरीही बरेच दिवस आला.

पण ही सगळी माणसं जंगलापर्यंतच. कांजीचा खरा ढीग पुढ्यात आला की एकेक गळायचा. ज्याला खरंच पुढं शिकायचं असेल तो मोठ्या संस्थेत जायचा, जिथं प्रमाणपत्र मिळतं. मग हिनं परत नवी पाटी लावायची, 'जिज्ञासूंसाठी जपानी भाषेची ओळख', आणि परत सुरू, घाबरू नका. दुसरं वर्ष म्हणून तिच्या वर्गाला कधी आलंच नाही. मी म्हणायचे, अगं, कुणाशी तरी मोठं बोल, कंटाळा नाही येत? ती म्हणायची, "ताई, पाया महत्त्वाचा." आता पाया महत्त्वाचा हे मलाही कळतं, पण घर बांधायला निघालेली बाई जन्मभर पायाच खणत बसली तर काय म्हणायचं?

मोबाइल आल्यावर मी तिला जपानी बातम्या लावून दिल्या. दोन मिनिटं ऐकायची आणि बंद करायची. "हल्ली ही माणसं भाषा बिघडवायला लागलीत," म्हणायची. "माझी बाई असं बोलायची नाही." मला तेव्हाच खटकलं होतं. पण मी कपडे दुरुस्त करणारी, मी कोण तिला सांगणार?

मग तो गुळगुळीत आला. त्याचं नाव वेगळं आहे, पण आम्ही दोघी त्याला गुळगुळीतच म्हणायचो. डोक्यापासून बोलण्यापर्यंत कुठं बोट टिकणार नाही असा माणूस. तिकडच्या वृद्धाश्रमांना म्हाताऱ्यांची देखभाल करायला मुली हव्या होत्या आणि हा मुली पाठवायचा. मुलींना जाण्यापूर्वी तोंडओळखीपुरतं जपानी यायला हवं. खोली स्वस्त, बाई भोळी, त्याला आणखी काय पाहिजे? त्यानं वर्ग ताब्यात घेतला. पोस्टमन, दंतवैद्य गेले आणि जिना मुलींच्या चपलांनी भरून गेला. वरून आवाज यायला लागला, तीस मुली एका सुरात, ओहायो गोझाइमास, म्हणजे सुप्रभात.

त्यानंच तिच्यापुढं गाजर धरलं. म्हणाला, तिकडच्या आश्रमात आपल्या मुलींचं वसतिगृह होणार आहे, तिथं राहून मुलींना शिकवायला, सांभाळायला एक बाई पाठवायची आहे. "तुमच्याशिवाय आहे कोण, मॅडम?" धाकटीनं त्या रात्री जेवताना मला तीनदा सांगितलं. मी तीनदा ऐकलं. एवढी वर्षं जिथलं पाणी, झाडं, नद्या फळ्यावर काढल्या, ते एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिला हवं होतं. दुसरं तिनं आयुष्याकडे कधी काही मागितलं नाही, माझ्याकडेही नाही. तिनं पासपोर्ट काढला. मी एका गिऱ्हाइकानं परत न नेलेला लोकरीचा कोट उसवून तिच्या मापाचा केला, आतून नवं अस्तर घातलं. तिकडं थंडी असते म्हणे.

गुळगुळीत दर तुकडीच्या वेळी म्हणायचा, पुढच्या वेळी नक्की. मुली जायच्या, ही विमानतळावर पोचवायला जायची, वाकून नमस्कार करून घ्यायची आणि परत यायची. कोट कपाटात. मी त्याला एकदा दुकानात धरून विचारलं, किती दिवस झुलवणार आहेस माझ्या बहिणीला? तो हसला. म्हणाला, "ताई, निर्णय तिकडचे लोक घेतात." ताकास तूर लागू देईल तर शपथ.

आता माझ्या लेकीचं सांगायला हवं, आणि इथं माझी जीभ जड होते. माझी लेक मावशीच्या वर्गातच वाढली. शाळेतून आली की दप्तर माझ्या कापडांवर टाकून वर पळायची. तिला जपानी मावशीनं शिकवलं, दुसऱ्या कोणी नाही. गुळगुळीतच्या पहिल्याच तुकडीत ती गेली. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, असलं काम चार वर्षं केलं आणि करार संपवून परत आली. हाडं निघाली होती, पण डोळ्यांत काहीतरी धारदार आलं होतं.

ती आली त्या दिवशी धाकटी दारात उभी होती. तिनं जपानीत विचारलं, प्रवास कसा झाला असं काहीतरी. लेक म्हणाली, "बरा झाला गं मावशी, आधी चहा दे." आम्हाला वाटलं दमली असेल. पण नंतरही तेच. धाकटी जपानीत बोलायची, ती मराठीत उत्तर द्यायची. धाकटीनं स्वतःशीच समजूत काढली, तिकडं ऐकून ऐकून विटली असेल पोर. मीही म्हटलं, असेल. लेकीला गुळगुळीतनंच आपल्या कचेरीत दुभाषी म्हणून ठेवून घेतलं. फोनवर ती तिकडच्या लोकांशी बोलायची तेव्हा मी बघत बसायचे. पाण्याचा नळ सोडावा तशी बोलायची. ते आणि वरून येणारं घाबरू नका, ही एकच भाषा आहे हे माझ्या कानांना पटायचं नाही.

एक दिवस गुळगुळीत धावत आला. आश्रमाची मुख्य बाई स्वतः येणार, मुली बघणार आणि वसतिगृहासाठी शिक्षिका निवडणार. धाकटीनं खोली अशी घासली की फटींतून माझ्या मशिनवर साबणाचं पाणी ठिबकलं. मी फडक्यानं पुसून घेतलं. तिनं 'मला जपानला का जायचं आहे' यावर मोठं उत्तर तयार केलं आणि येता जाता पुटपुटत राहिली. गुळगुळीत म्हणाला, तुमची भाचीही बसेल शेजारी, दुभाषी म्हणून. धाकटी जरा तडकून म्हणाली, "माझ्याशी बोलायला दुभाषी कशाला?" लेक खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "मी नुसती बसते."

पाहुणी आली. माझ्याच वयाची, साधी, करड्या रंगाचा कोट, बाहीची शिवण एक नंबर. जिन्याखाली बूट काढून नीट जोडून ठेवले. मी चहाचा ट्रे घेऊन वर गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मला कोणी जा म्हटलं नाही.

धाकटी कमरेत वाकली. हाजिमेमाश्ते, असं सुरू केलं, आपली ओळख सांगितली. सुरेख झालं. शेवटचं योरोशिकु ओनेगाइ शिमास, म्हणजे आपली कृपा असू द्या, ते तर असं म्हटलं की माझी मान ताठ झाली. पाहुणीचा चेहरा उजळला. तीही वाकली. आणि मग ती बोलायला लागली.

बाई मऊ आवाजाची, पण वेग असा, आणि शब्दांची शेपटं गिळून टाकायची. धाकटीच्या चेहऱ्यावर हसू होतं ते तिथंच थिजलं. पाहुणी थांबली. उत्तराची वाट बघायला लागली. धाकटी म्हणाली, "मोऊ इचिदो, ओनेगाइ शिमास." परत एकदा सांगा, कृपा करून. हे मला कळलं, कारण हे वाक्य ती पहिल्याच आठवड्यात शिकवते, वर्गात काही कळलं नाही तर काय म्हणायचं ते.

पाहुणीनं परत सांगितलं. धाकटीनं परत तेच म्हटलं. मग ती बाई समजूतदार, तिनं वेग उतरवला. एकेक शब्द सुटा केला, तोंड मोठं उघडलं, हातांनी खूण केली. हा सूर मी ओळखत होते. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर हाच सूर चालला होता, फक्त आज तो माझ्या बहिणीकडे वळला होता.

हळू बोलल्यावर धाकटीला कळलं. वसतिगृहात एखाद्या मुलीचं आश्रमातल्या कुणाशी भांडण झालं तर तुम्ही काय कराल, असा प्रश्न होता, हे लेकीनं मला नंतर सांगितलं. आता पहिल्या धड्यात भांडणं कुठून येणार? तिथं पाणी आहे, झाड आहे, माझं पुस्तक टेबलावर आहे. धाकटी शब्द शोधत राहिली. चांगलं, वाईट, बोलते, ऐकते. चार तुकडे जोडले आणि थांबली. मग तिनं ते तयार केलेलं मोठं उत्तर काढलं, विचारलं नव्हतं तरी. घडाघडा म्हटलं. मधे एका ठिकाणी अडखळली आणि परत पहिल्यापासून सुरू केलं, पाठांतर करणारी मुलं करतात तसं. पाहुणी मान हलवत होती, आणि मधेच तिनं हळूच माझ्या लेकीकडे बघितलं.

लेकीनं ते सगळं सांगितलं. मावशीचं जपानी, पाहुणीला जपानीतच. दोन वाक्यांत. पाहुणीला कळलं. ती "आ" करून मोकळी झाली, आणि दोघी बोलायला लागल्या. भांडणाचा प्रश्नही लेकीनंच पुढं घेतला असावा, कारण बराच वेळ ती काहीतरी समजावत होती, आणि ती बाई हसत होती, विचारत होती, मधे हं हं करत होती. धाकटी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. माझ्या हातात ट्रे होता आणि चहा निवला होता.

निघताना पाहुणीला वाटलं असेल की या बाईकडे आपलं दुर्लक्ष झालं. चांगली होती हो बिचारी, मी तिला दोष देत नाही. ती मुद्दाम धाकटीकडे वळली, दोन्ही हात पुढं जुळवले आणि अगदी सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाली, "निहोन्गो, ओजोझु देस ने."

हे लेकीला म्हटलं नाही. तिच्याशी नुसतं बोलली.

धाकटीनं वाकून आभार मानले. पाहुणी खाली जाईपर्यंत ती वाकलेलीच होती. मी ट्रे तिथंच ठेवला आणि खाली येऊन मशिनवर बसले. काय शिवलं ते मला आठवत नाही.

दुसऱ्याच दिवशी गुळगुळीत पेढ्यासारखं तोंड करून आला. पाहुणीला भाची पसंत पडली होती, वसतिगृहासाठी. "आणि मॅडमचं इथलं काम तर फारच मोठं आहे," म्हणाला. "पाया त्यांच्यासारखा कोण घालणार?" मी हातातली कात्री खाली ठेवली, कारण ती हातात असताना मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. म्हटलं, पायरी उतर आणि परत दुकानात दिसू नकोस. तो उतरला, पण त्यानं काय होणार होतं? काम त्याचं झालं होतं.

लेक संध्याकाळी आली. मी तिला म्हटलं, नाही म्हणून सांग.

"मी नाही म्हटलं तर मावशीला नेतील असं वाटतं तुला?"

"ते मला माहीत नाही. पण तिच्या डोळ्यांदेखत तिची जागा घेऊ नकोस."

"आई, ती जागा तिची कधी नव्हतीच." ती चिडली नव्हती, तेच मला जास्त लागलं. "तिकडं गेल्यावर पहिल्याच दिवशी मला कळलं. बसवाल्यानं काहीतरी विचारलं आणि आम्ही सगळ्या दगडासारख्या उभ्या. सुपरवायझर ओरडली तरी आम्हाला कळेना की ओरडतेय का बोलावतेय. एक आजी रात्रभर मला काहीतरी सांगत होती, रडत होती, आणि मला पाणी, झाड, पुस्तक एवढंच येत होतं. काय शिकलो आम्ही तिच्याकडून? मुली हसायच्या. कोणी फार सावकाश बोललं की म्हणायच्या, बघा, सेन्सेईचं जपानी."

"आणि तू?"

"मीही हसायचे."

मी तिच्या थोबाडीत मारणार होते. हात उचललाही. पण काय म्हणून मारायचं? खोटं बोलली म्हणून? खोटं ती बोलली नव्हती. "मग परत आल्यावर तिला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "मूग गिळून का बसलीस?"

"काय सांगू? तुझी सगळी वर्षं फुकट गेली असं सांगू? तूच सांग ना, तू तर रोज ऐकत होतीस."

चुलीवर दूध होतं ते बघायला उठले.

धाकटी दोन दिवस वर्गात गेली नाही. मुली येऊन जिन्यात थांबायच्या आणि परत जायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ती खाली आली. मी एका कोटाला काजं करत होते, लेक माझ्यासमोर बसून सामानाची यादी फोनवर टिपत होती. धाकटीनं स्टूल ओढलं आणि लेकीसमोर बसली. चेहरा धुतलेला, केस नीट विंचरलेले.

"माझ्याशी बोल," ती म्हणाली. "तिकडं बोलतेस तसं. मी मधे थांबवणार नाही."

"कशाला, मावशी."

"मला ऐकायचंय. एकदा."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी काजातून डोळे वर काढले नाहीत. मग ती बोलायला लागली. पहिली दोन वाक्यं नळासारखी गेली, भरभर, शेपटं गिळत. धाकटी मान पुढं काढून ऐकत होती, ओठ हलवत होती, पाठीमागून धावणाऱ्या माणसासारखी. मला बघवेना. लेकीलाही बघवलं नसावं. तिसऱ्या वाक्याला तिचा वेग उतरला. चौथ्याला ती शब्द सुटे करायला लागली. पाचव्याला तिनं तोंड मोठं उघडलं आणि हातानं खूण केली.

धाकटीनं तिचा हात धरून खाली ठेवला.

"बस," ती म्हणाली. "कळलं."

लेक रडायला लागली. परत आल्यापासून माझ्यासमोर रडली नव्हती, ती तेव्हा रडली. "मावशी, मी जात नाही," म्हणाली, "नाही जात मी."

"जा. का नाही जाणार? तुला येतं." धाकटी उठली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "एक कर. तिथल्या मुलींशी हळू बोलू नकोस. पहिल्या दिवसापासून नको. रडल्या तरी चालेल."

लेक गेली. विमानतळावर मी एकटीच गेले. धाकटी म्हणाली, पाय दुखतात. गुळगुळीतनं वर्गासाठी दुसरी कुणी बाई बघितली, कुठल्याशा मोठ्या जागेत, तिथं म्हणे टीव्ही लावून शिकवतात. वरची खोली मी अस्तरांच्या ताग्यांसाठी घेतली. पाटी काढायला कोणी गेलं नाही, ती वाऱ्यानं एका खिळ्यावर लटकते. कधीमधी कोणी जिज्ञासू येऊन विचारतो, जपानीचा वर्ग इथंच ना? मी म्हणते, बंद झाला. धाकटी शेजारीच बसलेली असते, मान वर करत नाही. तिला मी पँटच्या उंच्या कमी करायला शिकवलं. हात चांगला बसलाय तिचा, टाका बारीक घालते. आता मी म्हणते, चल, पुढचं शिक, कोटाची बाही उसवून बसवायला. ती म्हणते, हे बरं आहे.

रागवायचं कुणावर तेच मला कळत नाही. गुळगुळीतवर रागावून झालं. त्या इंजिनिअरच्या बायकोवरही रागावले, तिनं इतक्या प्रेमानं आणि इतकं सावकाश शिकवायला नको होतं. लेकीवर रागावते, मग तिचा फोन आला की राग गिळते. दर रविवारी तिचा फोन येतो. तिथल्या मुली, तिथली थंडी, सगळं मला सांगते, आणि मग म्हणते, मावशीला दे. धाकटी सुई हातातल्या कापडात खोचते, फोन कानाला लावते. बरी आहे, म्हणते. जेवलीस का विचारते. दोघी मराठीत बोलतात, आणि तेही थोडंच.